रद्दी कोणती, रजिस्टर कोणते?

(संगणकाची जागा भरली की काही फाइली पुसाव्या लागतात. पण कोणत्या? प्रस्तुत पाठात एका शिक्षकाने शाळेच्या संगणक कक्षात स्वतःच्या हातून झालेली चूक आणि त्यानंतर लावून घेतलेली सवय यांविषयी सांगितले आहे.)

वार्षिक परीक्षा संपली की आमच्या शाळेत कोठीची खोली साफ करतात. जुने तक्ते, फाटके नकाशे, तपासलेल्या उत्तरपत्रिका, उंदरांनी कुरतडलेल्या वह्या असे सगळे बाहेर व्हरांड्यात येते. मग रद्दीवाला तराजू घेऊन हजर होतो. हे काम आमचे शिपाई करतात. सारी शाळा त्यांना चाचा म्हणते. २०१९ साली मी शाळेत नवीन होतो, म्हणून त्यांच्या मदतीला मला नेमले होते.

त्या ढिगात एक जाडजूड वही होती. पुठ्ठा निघालेला, पाने पिवळी पडलेली, कडांना कसर लागलेली. मी म्हणालो, "चाचा, ही द्या रद्दीत. हिला आता कोण हात लावणार?" चाचांनी वही उचलली, उलटसुलट पाहिली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "सर, ही कोणाची आहे ते मला माहीत नाही. मालक कळेपर्यंत मी ती देणार नाही." त्यांनी ती कारकुनांना दाखवली. कारकून धावतच आले. ते शाळेचे जुने जनरल रजिस्टर होते!

मुलांनो, जनरल रजिस्टर म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक असेलच. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख त्यात लिहिलेली असते. ते कायमचे जपायचे असते. रोज कोणी ते उघडत नाही. पण त्याच जून महिन्यात एक गृहस्थ शाळेत आले. वय पन्नाशीच्या पुढचे. त्यांना हजला जायचे होते. पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा हवा होता आणि शाळेचा दाखला गहाळ झाला होता. त्याच कसर लागलेल्या वहीत त्यांची नोंद सापडली.

तुम्ही घरी 'दफ्तर' म्हणता, तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर कचेरी येते. मराठीत 'दप्तर' म्हणजे कागदपत्रांचा संग्रह, आणि तुमच्या पाठीवरची पिशवीसुद्धा. संगणकाची हार्ड डिस्क हे असेच एक मोठे दप्तर आहे. त्यात तुमच्या वह्या असतात, शाळेची रजिस्टरे असतात आणि रद्दीही असते. फरक एवढाच की तिथे पिवळी पाने नसतात आणि कसरही लागत नाही. सगळ्या फाइली सारख्याच दिसतात.

आता माझी चूक सांगतो. चाचांनी कोठीत जे शहाणपण दाखवले, ते मी त्याच आठवड्यात संगणक कक्षात दाखवले नाही.

आमच्या कक्षात खिडकीजवळ एक संगणक आहे. उर्दू टायपिंगचा प्रोग्राम तेव्हा फक्त त्याच्यातच होता. पाचवी ते दहावीच्या प्रश्नपत्रिका त्याच्यावर तयार होत. एके दिवशी त्याच्या सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झालेली दिसली. विंडोजमध्ये ड्राइव्हची दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की ही पट्टी लाल होते. मी जागा शोधू लागलो. मोठी फोल्डरे कोणती ते पाहिले. काही फोल्डरे विंडोज लपवून ठेवते. ती दिसावीत म्हणून मी एक खूण काढली. तेव्हा विंडोजने इशारा दिला की या फाइली पुसल्या किंवा बदलल्या तर संगणक बिघडू शकेल. मी 'होय' वर टिचकी मारली. इशारा मी वाचला होता, पण तो आपल्यासाठी नाही, नवशिक्यांसाठी आहे, असे मला वाटले.

मग मला विंडोजच्या फोल्डरात 'इन्स्टॉलर' नावाचे फोल्डर दिसले. साडेतीन जीबीचे! आत शेकडो फाइली. त्यांची नावे म्हणजे अर्थ नसलेले आकडे आणि अक्षरे. मी मनात म्हटले, इन्स्टॉल करणे म्हणजे प्रोग्राम बसवणे. प्रोग्राम तर केव्हाच बसवून झाले. घर बांधून झाल्यावर परांची कोण ठेवतो? मी सगळ्या फाइली पुसल्या आणि रिसायकल बिनही रिकामे केले. (बिनमधल्या फाइली त्याच डिस्कवर राहतात. ते रिकामे केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.) संगणक बंद करून पुन्हा चालू केला. सगळे ठीक चालले होते. लाल पट्टी निळी झाली. मी खूश झालो.

एप्रिल गेला, जून गेला, सप्टेंबर गेला. संगणक एक शब्द बोलला नाही.

ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षा तोंडावर आली. तेव्हा उर्दूचा प्रोग्राम अडखळू लागला. उघडायचा आणि लगेच बंद पडायचा. अशा वेळी प्रोग्राम दुरुस्त करतात, नाहीतर काढून पुन्हा बसवतात. मी दुरुस्ती सुरू केली. विंडोज म्हणाले, मूळ फाइल सापडत नाही. मी तो काढायला गेलो. विंडोज म्हणाले, मूळ फाइल सापडत नाही. नवीन प्रत बसवायला गेलो, तर आधीची प्रत काढा, मगच बसेल! माझी पाचावर धारण बसली.

त्या 'इन्स्टॉलर' फोल्डराचा उपयोग मला तेव्हा कळला. आपण एखादा प्रोग्राम बसवतो, तेव्हा तो कसा बसवला आणि त्याचे कोणते भाग आहेत, याची मूळ फाइल विंडोज त्या फोल्डरात जपून ठेवते. रोजच्या कामात तिची गरज पडत नाही. प्रोग्राम दुरुस्त करायचा, सुधारायचा किंवा काढायचा असेल तेव्हाच ती लागते. म्हणजे ती परांची नव्हती, संगणकाचे जनरल रजिस्टर होते. आणि मी ते रद्दीत घातले होते.

तयार झालेल्या प्रश्नपत्रिकांच्या फाइली शाबूत होत्या, पण त्या उघडणारा प्रोग्राम चालत नव्हता. परीक्षा तीन दिवसांवर होती. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत. त्याचेच मला जास्त वाईट वाटले. आमच्याकडे तेव्हा एक वयस्कर उर्दू शिक्षक होते. त्यांचे नस्तालिक अक्षर छापल्यासारखे होते. त्यांनी दोन रात्री जागून अकरा प्रश्नपत्रिका हाताने लिहिल्या. मी शेजारी बसून कागद आखून देत होतो. पहाटे पहाटे त्यांची बोटे दुखू लागली, तेव्हा ते नुसते हात चोळत बसले. मला काही बोलले नाहीत. पुढे दुरुस्ती करणाऱ्याने सर्व फाइलींची प्रत काढून घेतली आणि त्या संगणकावर विंडोज पहिल्यापासून बसवले.

आता तुम्ही विचाराल, मग काहीच पुसायचे नाही काय? तसे नाही. कोठी साफ करावीच लागते. पण फाइलीचे नाव, तिचा आकार आणि तिच्याविषयी लोक काय म्हणतात, या तीन गोष्टींवरून निर्णय घेतला तर हमखास फसगत होते.

आधी नावाचे पाहू. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, आपला संगणक चौसष्ट बिटचा आहे ना? मग हे 'सिस्टिम ३२' फोल्डर जुने झाले. ते काढून टाकू या का?" प्रश्न हुशारीचा होता. पण गंमत पाहा. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये चौसष्ट बिटच्या मुख्य फाइली 'सिस्टिम ३२' मध्येच असतात आणि बत्तीस बिटच्या फाइली 'सिसवॉव ६४' नावाच्या फोल्डरात असतात! अगदी उलटे. जुन्या प्रोग्रामांना 'सिस्टिम ३२' हे नाव तोंडपाठ होते, म्हणून विंडोजने ते बदलले नाही. गावात नवा पूल झाला तरी लोक त्या जागेला 'जुना पूल' म्हणत राहतात, तसेच हे. त्या फोल्डरात संगणकाचा प्राण असतो. इंटरनेटवर काही टवाळ मंडळी नवख्या माणसाला 'सिस्टिम ३२ पुसा, संगणक वेगाने चालेल' असा सल्ला देतात. तो ऐकणाऱ्याचा संगणक पुन्हा सुरूच होत नाही.

'सिस्टिम ३२' मध्ये 'डीएलएल' अशा शेवटाच्या पुष्कळ फाइली असतात. अशी एक फाइल एकाच प्रोग्रामची असते असे नाही. वाड्यातल्या विहिरीवर दहा बिऱ्हाडे पाणी भरतात. एक बिऱ्हाड सोडून गेले म्हणून विहीर बुजवायची नसते.

आता आकार. सी ड्राइव्हवर 'पेजफाइल.सिस' आणि 'हायबरफिल.सिस' या दोन लपलेल्या फाइली बऱ्याच मोठ्या असतात. पहिली फाइल संगणकाच्या स्मृतीला, म्हणजे रॅमला, हातभार लावते. रॅम अपुरी पडली की काही मजकूर तिच्यात ठेवला जातो. दुसरीचे काम निराळे आहे. संगणक 'हायबरनेट' केला, म्हणजे चालू काम तसेच ठेवून तो बंद केला, की रॅममधला मजकूर तिच्यात लिहिला जातो. जिथे ही सोय कोणी वापरत नाही, तिथे ती बंद करता येते आणि मग ती फाइल विंडोज स्वतःच काढते. मात्र संगणक त्यानंतर थोडा सावकाश सुरू होतो. हाताने फाइल पुसणे वेगळे आणि तिचे कामच बंद करणे वेगळे. दुसरा मार्ग नेहमी बरा.

'विनएसएक्सएस' नावाचे फोल्डर तर डोळ्यांना चक्क फसवते. त्याचा आकार पाहिला की छातीत धस्स होते. पण त्यातल्या पुष्कळ फाइली आणि 'सिस्टिम ३२' मधल्या फाइली एकच असतात. डिस्कवर फाइल एक, नावे दोन. आकार मोजताना ती दोनदा मोजली जाते. एकाच मुलाचे नाव दोन हजेरीपटांवर असावे आणि आपण दोन मुले मोजावीत, तसा हा प्रकार.

तिसरी गोष्ट म्हणजे लोकांचे सांगणे. २००१ साली एक ई-मेल जगभर फिरला. त्यात म्हटले होते की तुमच्या संगणकात 'सल्फएनबीके.एक्सई' नावाची फाइल आहे, तो विषाणू आहे, तो १ जूनला जागा होईल, म्हणून ती फाइल आजच पुसा आणि सर्व ओळखीच्यांना कळवा. लोकांनी शोध घेतला. फाइल खरोखरच सापडली! मग काय विचारता? त्यांनी ती पुसली आणि पत्र पुढे पाठवले. वास्तविक ती विंडोज ९८ ची स्वतःची फाइल होती. फाइलींची लांब नावे बिघडली तर ती पूर्ववत करण्याचे काम ती करत असे. ती सापडली, कारण ती सगळ्यांकडेच असायची. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, 'जेडीबीजीएमजीआर.एक्सई' या फाइलीविषयी तशीच अफवा उठली. त्या फाइलीचे चिन्ह होते खेळण्यातले अस्वल. विंडोजच्या फाइलीवर अस्वल कशाला असेल, असे वाटून लोकांनी तीही पुसली. ती जावा भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या उपयोगाची फाइल होती. सुदैवाने या दोन्ही फाइलींवाचून बहुतेकांचे काही अडले नाही.

या दोन्ही वेळी विषाणू कुठेच नव्हता. माणसांनीच आपल्या हातांनी फाइली पुसल्या आणि पत्र पसरवले.

मग आपण चाचांचा प्रश्न विचारू या. या फाइलीचा मालक कोण? फाइलीवर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडले की पुष्कळदा ती कोणत्या प्रोग्रामची आहे आणि कोणत्या कंपनीने बनवली आहे, हे तिथे लिहिलेले असते. ती कोठे ठेवली आहे हेही पाहावे. उदाहरणार्थ, 'एसव्हीसीहोस्ट.एक्सई' ही विंडोजची महत्त्वाची फाइल आहे आणि ती 'सिस्टिम ३२' मध्ये असते. तिच नावाची फाइल 'डाउनलोड्स' मध्ये दिसली, तर दुसऱ्याचे नाव लावून कोणी शिरले असावे अशी शंका घ्यावी. तेव्हाही ती हाताने न पुसता विषाणूरोधक प्रोग्रामकडून तपासून घ्यावी.

मालक आपण स्वतः असलो, तर प्रश्न मिटला. आपली चित्रे, आपले व्हिडिओ, आपले लेखन ठेवायचे की काढायचे ते आपण ठरवावे. मालक एखादा प्रोग्राम असेल, तर त्याचे फोल्डर पुसू नये, विंडोजच्या रीतीने तो प्रोग्रामच काढावा. आणि मालक विंडोज असेल, तर त्याची रद्दी त्यालाच काढू द्यावी. विंडोज ९८ पासून त्यासाठी 'डिस्क क्लीनअप' नावाचे साधन आहे. विंडोज १० पासून सेटिंग्जमध्येही 'टेम्पररी फाइल्स' अशी यादी मिळते. तात्पुरत्या फाइली, सुधारणांचे उरलेले तुकडे, बिघाडाच्या वेळी लिहून ठेवलेले अहवाल हे सारे त्यातून बिनधोक जाते. त्या यादीत 'डाउनलोड्स' असेही नाव असते. तिथे मात्र थांबा. ती विंडोजची रद्दी नव्हे, तुमचे सामान आहे. यादीत 'आधीचे विंडोज' दिसले, तर नवे विंडोज नीट चालते आहे ना, हे आधी पाहावे. जुने काढल्यावर मागे फिरता येत नाही. ते जुने फोल्डर दहा दिवसांनी विंडोज स्वतःच काढते, तेव्हा घाई कशाला?

विंडोज व्हिस्टा २००७ साली बाजारात आले. तेव्हापासून विंडोज आपल्या बहुतेक मुख्य फाइलींना हात लावू देत नाही. तुमची परवानगी नाही, असे सांगते. काही हुशार मुले हा अडसर कसा काढायचा ते शोधून काढतात. त्यांनी माझी ऑक्टोबरची गोष्ट पुन्हा वाचावी.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी संगणक नसेल, पण अब्बांचा किंवा अम्मींचा मोबाइल असेल. तिथेही हाच प्रश्न येतो. अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅपच्या माहितीत दोन बटणे असतात. 'क्लिअर कॅश' ने अ‍ॅपचे तात्पुरते साठवण जाते आणि ते पुन्हा तयार होते. 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' ने अ‍ॅपमधली तुमची सगळी मांडणी जाते. फोनमधल्या संदेशांची प्रत दुसरीकडे ठेवली नसेल, तर तेही जातात. दोन्ही बटणे शेजारी शेजारीच असतात.

या वर्षी एप्रिलमध्ये खिडकीजवळच्या संगणकाची पट्टी पुन्हा लाल झाली. या वेळी मी नववीच्या पाच मुलांना सोबत घेतले. एक वही केली. तिच्यात चार रकाने आखले. फाइल, जागा, आकार, मालक. विंडोजच्या यादीतून चार जीबी निघाले. एवढ्याने पट्टी निळी होईना. मग आम्ही आमच्या सामानाकडे वळलो. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ निघाला. एकच व्हिडिओ, पण तीन ठिकाणी! डाउनलोड्समध्ये, डेस्कटॉपवर आणि 'नवीन फोल्डर २' मध्ये. शिवाय कोणीतरी उतरवून ठेवलेले दोन चित्रपट होते. त्यांचा मालक कोण, या प्रश्नावर पाचही जण छताकडे पाहू लागले. व्हिडिओची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली, ती उघडून पाहिली आणि मगच बाकीच्या पुसल्या. एकोणीस जीबी मोकळे झाले. म्हणजे दप्तर विंडोजने नव्हे, आम्हीच भरले होते.

शेवटी एक फाइल उरली. दोन जीबीची. तिच्यावर कंपनीचे नाव नव्हते, तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. एक मुलगा म्हणाला, "सर, काढून टाकू या. तीन वर्षांत कोणी विचारली नाही." सिस्टिम ३२ विषयी विचारणारी ती मुलगी वही लिहीत होती. तिने मालकाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढले, त्यापुढे त्या दिवसाची तारीख घातली आणि वही मिटली. ती फाइल अजून तिथेच आहे.

शब्दार्थ
कोठी – सामान ठेवण्याची खोली. कसर – कागद, कापड खाणारी बारीक कीड. परांची – बांधकामासाठी उभारलेला बांबूंचा सांगाडा. शाबूत – न बिघडलेले, सुरक्षित. बिऱ्हाड – भाड्याने राहणारे कुटुंब. पाचावर धारण बसणे – खूप घाबरणे. फसगत होणे – फसणे.

स्वाध्याय
१. चाचांनी जुनी वही रद्दीत का दिली नाही?
२. 'इन्स्टॉलर' फोल्डर पुसल्याचा परिणाम लगेच का दिसला नाही?
३. २००१ सालच्या ई-मेलवर लोकांचा विश्वास का बसला असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'दफ्तर' आणि 'दप्तर' यांप्रमाणे उर्दू व मराठीत अर्थ थोडा बदललेले आणखी तीन शब्द शोधा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
५. वहीत चार रकाने आखून घरातल्या मोबाइलमधील पाच मोठ्या फाइलींची नोंद करा. काहीही पुसू नका.